डावा हात मांजराला

एकदा एक कारागीर गव्हाचा डबा घेऊन पिठाच्या गिरणीत आपला नंबर लागण्याची वाट पाहत उभा होता. कारागीर तरुणच, तिशीच्या आसपासचा; नाव केरबा. गिरणी ही जागाच अशी, की तिथे पीठ मागाहून मिळते आणि बातमी आधी. केरबा पोत्यांच्या थप्पीआड होता, त्यामुळे पलीकडे बसलेल्या बायकांना तो दिसत नव्हता. त्याला मात्र हौसाक्काचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. हौसाक्काच्या घराची आणि केरबाच्या घराची भिंत एकच. त्या घरातले तिला ठाऊक नाही असे फार थोडे असे.

"अगं, माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलं की," हौसाक्का सांगत होती. "सकाळी वस्ताद स्वतः आले. हातात ही एवढी झाकणाची टोपली. केरबाची दोन्ही मांजरं उचलली, टोपलीत घातली, वरनं झाकण दाबलं आणि निघाले नदीकडं. आता तिथं नेऊन त्यांना..."

एवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा चढवला आणि पुढचे सगळे घरघरीत दळून निघाले.

त्या गावात नकोशी झालेली मांजरे पोत्यात घालून नदीपलीकडे नेऊन सोडण्याची रीत होती. पोराटोरांनाही ती माहीत होती. तेव्हा हौसाक्काचे वाक्य केरबाने मनातच पुरे केले, डबा होता तिथेच टाकला आणि घराकडे धाव घेतली.

"अगं बाई! हा हितंच होता होय?" मागून हौसाक्का म्हणाली. पण ते ऐकायला तो थांबला नाही.

दारात त्याची बायको सगुणा मेथी निवडत बसली होती. एरवी केरबा घरी आला की दोन्ही मांजरे उंबऱ्यापर्यंत धावत येत आणि पायांत अशी घोटाळत, की माणूस पडायचाच बाकी राही. आज उंबरा मोकळा होता.

"मांजरं कुठायत?"

"वस्ताद घेऊन गेले."

"आणि तू नेऊ दिलीस?"

"मी कोण नेऊ देणार? तुमचा भोपळ्या आपणहून टोपलीत जाऊन बसला. चिंगीनं तेवढं मला ओरबाडलं. हे बघा." तिने मनगट पुढे केले.

"अगं, पण वस्ताद काही बोलले असतील की!"

"बोलले. 'केरबाला सांग, घर आता रिकामं केलंय. जवारी काढ म्हणावं.' एवढं बोलले आणि गेले."

आता हे वस्ताद कोण आणि दुसऱ्याच्या मांजरांशी त्यांना काय कर्तव्य, हे आधी सांगितले पाहिजे.

ते गाव तंबोरे घडवणाऱ्यांचे. त्या कारागिरांत सर्वांत वृद्ध आणि सर्वांत जाणते ते वस्ताद. त्यांचे खरे नाव कोणी घेत नसे. भोपळा कापावा कोणीही, दांडी जोडावी कोणीही, रंगरोगण तर शिकाऊ पोरेही करीत; परंतु जवारी काढायची ती वस्तादांनीच. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. ती कानशीने घासून तिला असा काही सूक्ष्म उतार द्यायचा, आणि तारेखाली सुताचा एक बारीक धागा असा काही सरकवायचा, की तार नुसती वाजू नये, तिच्यातून नाद फुलून यावा. हीच जवारी. ती बरोबर निघाली की खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडताच, गंधार ऐकू येतो. ज्याला ऐकता येतो त्याला तो ऐकू येतो. बाकीच्यांना नुसते 'किती गोड लागलाय तंबोरा' एवढेच कळते. आणि कानस एक हात जास्त फिरली, तर घासलेले परत भरून येत नाही. घोडी फुकट जाते.

वस्तादांचे हात अलीकडे थरथरू लागले होते. कारखान्यात खिडकीपाशी त्यांची एक चटई होती, तिच्यावर बसूनच त्यांनी आयुष्यभर जवारी काढली. ती चटई आता कोणाला द्यायची, हा प्रश्न होता. केरबा त्यांच्या हाताखाली वाढलेला. परंतु वस्तादांची परीक्षा वेगळीच असे. जवारी काढणाऱ्याने शेवटचा तंबोरा कारखान्यातल्या शांत खोलीत नव्हे, तर स्वतःच्या घरी, स्वतःच्या संसाराच्या आवाजात बसून लावायचा. वस्तादांच्या वस्तादांनी त्यांना असेच बसवले होते. गावातल्या एका व्यापाऱ्याने मुलीसाठी तंबोऱ्यांची जोडी सांगितली होती. त्यातला एक वस्तादांनी केरबाच्या घरी पाठवला आणि म्हणाले, "हा लागला तर चटई तुझी. नाही लागला तर मी परगावाहून माणूस बोलावीन. रागावू नकोस. वाद्यापुढे तू आणि मी कोण?"

केरबाला कान होता. हातही होता. अडचण होती ती मांजरांची. निदान त्याचे म्हणणे तसे होते.

भोपळ्या हा केशरी रंगाचा थोराड बोका. लहानपणी कारखान्यातल्या अर्ध्या कापलेल्या भोपळ्यात झोपायचा, म्हणून ते नाव. चिंगी ही करडी, हडकुळी, परंतु आवाज तिप्पट. दोघांचेही हट्ट राजघराण्यासारखे. भोपळ्याला एकट्याने जेवलेले चालत नसे. ताटली भरलेली असली तरी तो केरबाकडे येऊन ओरडे, पुढे चाले, मागे वळून बघे, पुन्हा चाले, आणि केरबा ताटलीपाशी येऊन उभा राहिला की मगच तोंड घाले. चिंगीला भांड्यातले पाणी नको, तांब्यातून ओतलेली धारच पाहिजे. आणि केरबाने तंबोरा मांडीवर घेतला, की दोघांनाही त्याच क्षणी मांडी पाहिजे. तारेखालचा धागा हलताना दिसला की चिंगीचे डोळे असे काही चमकत, की पंजा कधी आला ते कळायचे नाही.

केरबाने यावर एक तोड काढली होती आणि तिचा त्याला अभिमानही होता. डावा हात मांजराला, उजवा हात कानशीला. एका हाताने भोपळ्याची मान खाजवीत तो दुसऱ्या हाताने घोडी घाशी. ताटलीपाशी उभा राहिला तरी ओठांत स्वर घोळवीत असे. कधी फारच झाले, तर दोघांना बाहेर काढून कडी लावी. मग दारावर पंजे, मग चिंगीचा तो आवाज, मग हौसाक्काची भिंतीपलीकडून हाक, "अरे केरबा, मांजर कापतोयस का काय?" मग तो चडफडत कडी काढी. मांजरे शेपट्या वर करून आत येत. दुसऱ्या दिवशी ती कडीपाशी जास्त वेळ ओरडत.

अशातच एका सकाळी चिंगीने धाग्यावर झडप घातली, डावा हात तिला आवरायला गेला, आणि उजव्या हातातली कानस खोल बसली. घोडी फुकट गेली. केरबाने ती वस्तादांपुढे नेऊन ठेवली आणि म्हणाला, "वस्ताद, मांजरं काम करू देत नाहीत."

वस्तादांनी घोडी उन्हात धरून पाहिली. "असं?" म्हणाले. दुसरी घोडी काढून दिली. रागावले नाहीत, समजावलेही नाही. व्यापारी तंबोरे न्यायला परवा येणार, एवढे मात्र सांगितले. आणि दुसऱ्याच सकाळी टोपली घेऊन ते त्याच्या दारात आले.

केरबा नदीकडे निघाला तेव्हा त्याच्या मनात काय काय चालले होते, हे त्याचे त्यालाच ठाऊक. ज्या मांजरांनी घोडी घालवली त्यांच्यासाठी तो धापा टाकीत चालला होता. वाटेत त्याने पाण्यापलीकडच्या काठाकडे पाहिले. झुडपांत काही हलले की त्याला शेपटी वाटे.

वस्तादांचा कारखाना नदीकाठीच होता, कारण भोपळे भिजवायला पाणी लागते. केरबा दाराशी पोहोचला आणि तिथेच थबकला.

आत भोपळ्या ताटलीत तोंड घालून जेवत होता. वस्ताद त्याच्यासमोर उकिडवे बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि त्याच्याकडे पाहत होते. नुसते पाहत होते. हातात काम नाही, ओठांत स्वर नाही. चिंगी कोनाड्यात बसून रागाने सगळीकडे बघत होती. आणि दाराच्या आतल्या बाजूला तो व्यापारी उभा होता, पोटावर हात बांधून, कपाळाला आठ्या घालून.

"वस्ताद, मी आलोय म्हटलं," व्यापारी म्हणाला.

वस्तादांनी मागे न पाहता तळहात वर केला.

"मांजर जेवतंय आणि मी उभा! बरं आहे."

"बसा शेठ. चटई आहे."

शेठ बसले नाहीत. भोपळ्याने सावकाश जेवण संपवले, ताटली चाटली, मिशा पुसल्या, वस्तादांच्या गुडघ्याला एकदा डोके घासले आणि उन्हाच्या कवडशात जाऊन आडवा झाला. तेव्हा वस्ताद उठले, वळले, आणि शेठच्या समोर येऊन बसले. त्यानंतर त्यांनी मांजराकडे एकदाही पाहिले नाही.

"बोला शेठ. मुलीचा आवाज कसा आहे आता? मागं सर्दी होती म्हणालात."

शेठ तंबोऱ्याची घाई करायला आले होते. परंतु मुलीचा आवाज म्हटल्यावर त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. पट्टी काळी पाच. पण पहाटे रियाझ केला की घसा बसतो. आई म्हणते गाणं सोड. मुलगी ऐकत नाही. आणि मला, वस्ताद, खरं सांगू का, ती सोडील याचीच भीती वाटते. हे सगळे ते बोलले. वस्ताद ऐकत होते. बोलणे संपल्यावर शेठ आपणच उठले आणि म्हणाले, "तंबोरे काय, उद्या म्हणालात ना? उद्या येतो. घाई नाही." आणि प्रसन्न मुद्रेने गेले.

केरबाला मांजरे सुखरूप पाहून जो आनंद झाला होता, तो एव्हाना ओसरला होता. त्याच्या जागी दुसरेच काहीतरी आले होते. सांगायला लाज वाटावी असे. भोपळ्याने त्याच्याकडे मान वर करूनही पाहिले नव्हते.

"वस्ताद, मला वाटलं तुम्ही यांना पलीकडं..."

"गावाला वाटलं असेल. तुलाही वाटलं?" वस्ताद हसले. "काम होईपर्यंत दोघं इथं राहतील. तू जा. तुला अडवणारं आता घरी कोणी नाही."

केरबा घरी आला. सगुणाने गिरणीतून डबा आणवून घेतला होता. घर शांत होते. त्याने गवसणी काढली, तंबोरा मांडीवर घेतला, नवी घोडी बसवली, तारा चढवल्या, कानस उचलली. आजवर ज्याची तो वाट बघत होता, ती निवांत घटका हीच.

एक हात घासावे आणि थांबावे. तार छेडावी, ऐकावे. पण ऐकताना त्याचा कान दाराकडे जाई. आता ओरडेल, असे वाटे. ओरडत नाही, म्हणजे काय झाले असेल, असेही वाटे. पुन्हा कानस, पुन्हा तार. नाद येई तो कोरडा, पत्र्यासारखा. धागा पुढे सरकवला, मागे सरकवला. दुपार टळली.

सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि उभी राहून बघू लागली. मग तिला हसू आवरेना.

"काय झालं हसायला?"

"तुमचा डावा हात बघा."

केरबाने खाली पाहिले. त्याचा डावा हात रिकाम्या मांडीवरचे धोतर कुरवाळत होता.

"मघापासनं असंच चाललंय," सगुणा म्हणाली. "मांजर नाही, तरी खाजवताय. आणि दाराकडं काय बघताय सारखं? ओरडणार कोण आता?"

एरवी तो चिडला असता. आज चिडला नाही, कारण त्याला भीती वाटली. मांजरे होती तोवर दोष द्यायला जागा होती. आता घरात तो होता आणि तंबोरा होता, आणि तंबोरा बोलत नव्हता. घोडी अजून एक-दोन हात सोशील, जास्त नाही. परगावाहून कोणीतरी माणूस येऊन त्या खिडकीपाशी बसलेला त्याला दिसू लागला. त्याने कानस खाली ठेवली, तंबोऱ्याला गवसणी घातली आणि पुन्हा नदीची वाट धरली.

वस्ताद ओट्यावर बसले होते. चिंगी आता कोनाड्यातून उतरून एका अर्ध्या भोपळ्यात वेटोळे घालून पडली होती.

"वस्ताद," केरबा म्हणाला, "मांजरं नाहीत तरी होत नाही."

"मला ठाऊक होतं, होणार नाही."

"मग नेलीत कशाला?"

"तुझी तक्रार होती म्हणून. तक्रार दूर केल्याशिवाय माणूस स्वतःकडे बघत नाही." वस्तादांनी त्याला शेजारी बसवले. "केरबा, तू मांजराला काय देत होतास?"

"काय देत नव्हतो, ते विचारा. दूध, मासळी, तांब्याची धार. काम करताना एक हात सदा त्याच्यावर."

"हात त्याच्यावर. आणि मन?"

केरबाने आपल्या डाव्या हाताकडे पाहिले.

"मांजर हा बुद्धिमान प्राणी आहे," वस्ताद सावकाश म्हणाले. "त्याला हात कळतो आणि हातामागे माणूस आहे की नाही हेही कळतं. तू त्याला अर्धा मिळत होतास. जे अर्धं मिळतं ते माणूस, जनावर, कोणीही पुन्हा पुन्हा मागतं. कारण त्यानं पोट भरत नाही. तुला वाटलं मांजर हावरं आहे. ते उपाशी होतं. आणि तुझा दुसरा अर्धा भाग तंबोऱ्याकडे होता. तंबोरा मांजरासारखा ओरडत नाही, एवढाच फरक. तो नाद देत नाही. दोघांची तक्रार एकच आहे."

"म्हणजे मागेल तेव्हा काम टाकून त्याच्याकडे बघत बसायचं? मग तर झालंच!"

"मागेल तेव्हा नव्हे. मागण्याआधी. तू आपणहून जा, सगळा जा, त्याचं होईपर्यंत थांब. मग कामाला बस, आणि तिथंही सगळा बस. त्या वेळी ते दाराशी ओरडलं, तर नाही म्हण. पण नाही म्हणताना तरी पुरतं नाही म्हण. तू कडी लावत होतास आणि काढत होतास. तुझं देणं अर्धं आणि नाकारणंही अर्धं. बिचाऱ्या जिवानं समजायचं काय?"

केरबा ओट्यावरून उठला. मग म्हणाला, "मी यांना घेऊन जाऊ?"

"भोपळ्याला ने. तो तुझा आहे, सकाळपासून दाराकडे तोंड करून झोपतो. ही मात्र," त्यांनी भोपळ्यातल्या चिंगीकडे पाहिले, "हिला विचार."

केरबाने चिंगीला हाक मारली. तिने एक डोळा उघडला, त्याच्याकडे पाहिले, आणि शेपटीने तो डोळा झाकून घेतला. त्याने हात पुढे केला, तेव्हा तिने तो चाटला, परंतु उठली नाही.

"बोलली ती," वस्ताद म्हणाले. "आमचं घर म्हाताऱ्याचं. इथं धावपळ नाही. आवडलं असेल तिला."

केरबाला वाईट वाटले. ते त्याने लपवलेही नाही. भोपळ्याला छातीशी धरून तो घरी आला. सगुणाने बोक्याकडे पाहिले, टोपली नाही हे पाहिले, आणि एकच ताटली काढून ठेवली.

सकाळी उजाडल्यावर केरबाने तंबोरा गवसणीतच ठेवला. ताटली वाढली, आणि भोपळ्याने हाक मारण्याआधीच तिच्यापाशी जाऊन उकिडवा बसला. हौसाक्का भिंतीपलीकडे भांडी घासत होती. व्यापारी त्याच दिवशी यायचा होता. वस्तादांसारखे नुसते बघत बसणे केरबाला वाटले होते तितके सोपे गेले नाही. भोपळ्याने चार घास खाल्ले असतील, तोच केरबाच्या मनात खर्जाची तार वाजू लागली. हात होता तिथेच होता, डोळे होते तिथेच होते. तरी भोपळ्याने खाणे थांबवले, मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिले.

"कळलं होय रे तुला?" केरबा थक्क होऊन म्हणाला. त्याने तार मनातून काढली आणि समोर पाहिले. बोक्याच्या डाव्या कानाला एक लहानशी चीर होती. इतकी वर्षे तो कान खाजवला होता, पण चीर कधी पाहिली नव्हती. भोपळ्या पुन्हा जेवू लागला.

जेवण झाले, तसा तो मांडीवर चढला. केरबाने दोन्ही हात त्याला दिले. किती वेळ गेला त्याने मोजले नाही. त्याला वाटत होते, आता हे असेच दुपारपर्यंत चालणार, आणि चालले तर चालले. परंतु थोड्या वेळाने भोपळ्या उठला, अंग ताणले, जांभई दिली, आणि उडी मारून जाऊन खिडकीत आडवा झाला.

केरबा मोकळ्या मांडीकडे बघतच राहिला. मांजर त्याच्याआधी उठलेले त्याने कधी पाहिलेच नव्हते. आजवर दर वेळी आधी तोच उठत आला होता.

मग त्याने खोलीत जाऊन दार लावले आणि तंबोरा घेतला. मधेच एकदा भोपळ्या सवयीने दाराशी येऊन ओरडला. आतून केरबा म्हणाला, "आता नाही." आवाजात राग नव्हता. भोपळ्या आणखी ओरडला. हौसाक्काने सवयीने हाक मारली. केरबाने कडी काढली नाही. दाराच्या फटीखाली थोडा वेळ केशरी पंजा दिसला, मग दिसेनासा झाला. थोड्या वेळाने दाराला पाठ लावून कोणीतरी झोपल्याचा लहानसा धप्प आवाज आला, आणि केरबाला तो ऐकूही आला नाही. कारण त्याच्या दोन्ही कानांत त्या वेळी तार होती. कानस एकदा फिरली, फार हलकी. धागा केसभर सरकला. त्याने खर्ज छेडला आणि हात उचलून घेतला. नाद उमलत गेला, उमलत गेला, आणि त्याच्या पोटातून, कोणी न बोलावता, गंधार वर आला.

दुपारी कारखान्यात वस्तादांनी डोळे मिटून तो तंबोरा ऐकला. शेठही होते, त्यांची मुलगीही होती. मुलीने षड्ज लावला आणि पुढे काही गायचेच विसरून गेली. वस्ताद चटईवरून उठले, चिंगीचा भोपळा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला, आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. खिडकीपाशी चटई मोकळी होती. केरबा तिच्यावर लगेच बसला नाही. आधी वस्तादांच्या पायांवर डोके ठेवले, मग बसला.

पुढच्याच आठवड्यात हौसाक्का नदीवर कपडे धुवायला आली ती कारखान्यात डोकावली. तिला खरी गोष्ट काढून घ्यायची होती, परंतु अशी माणसे मूळ गोष्टीला एकदम हात घालीत नाहीत. "बसला व्हय रे चटईवर? बरं केलं," इथपासून तिने सुरुवात केली. केरबाने कानस खाली ठेवली आणि तिच्याकडे तोंड करून बसला.

हौसाक्का जराशी गडबडली. गावात तिचे बोलणे लोक ऐकत, पण चालता चालता, पाणी भरता भरता. असे समोर बसून कोणी ऐकल्याचे तिला आठवत नव्हते. मग ती गुडघ्याच्या दुखण्याविषयी बोलली. धाकट्या लेकाने परगावी बिऱ्हाड केले, तिकडची सून फोनवर नीट बोलते पण येत नाही, याविषयी बोलली. संध्याकाळी घर खायला उठते म्हणून गिरणीत जाऊन बसते, हेही बोलली, आणि ते बोलल्यावर स्वतःच चमकली. केरबा ऐकत होता. बोलून झाले, तशी तिने पदराने तोंड पुसले आणि आपणहून उठली.

दारापाशी गेल्यावर तिला ज्यासाठी आली होती ते आठवले.

"का रे, वस्तादांनी तुझी मांजरं नदीवर नेली हे खरं ना?"

"खरं, अक्का. कारखाना नदीवरच आहे."

"आणि एक परत आलं नाही, तेही खरं?"

"तेही खरं. ती बघा, त्या भोपळ्यात झोपलीय."

हौसाक्काने वाकून पाहिले. चिंगी तिथे खरोखरच पोट वर करून झोपली होती. "मग नदीपलीकडं सोडली, असं जे मी सांगत होते..."

"तेवढं खोटं."

"म्हणजे निम्म्याहून जास्त खरंच निघालं की!" हौसाक्का समाधानाने म्हणाली, आणि धुण्याचे पिळे कमरेवर घेऊन निघून गेली. केरबा तिची पावले पायऱ्या चढून जाईपर्यंत थांबला. मग त्याने कानस उचलली.